अंगावर पित्त उठलं, आणि त्यात श्वास लागला तर?

मुलाच्या अंगावर लाल गांधी उठल्या की आपल्या घरांतून एकच निदान होतं: पित्त उठलं. मग आमसुलं भिजत घालायची, त्यांचं पाणी अंगाला चोळायचं. कुणी गेरू लावतं, कुणी घोंगडीत गुंडाळून ठेवतं. बहुतेक वेळा तासा-दोन तासांत गांधी जिरतात आणि श्रेय आमसुलाला मिळतं. मी त्याला नावं ठेवत नाही. माझ्याही फडताळात आमसुलाची बरणी आहेच. पण याच गांधी कधी कधी एका निराळ्या दुखण्याची सुरुवात असतात, आणि तेव्हा आमसूल भिजेपर्यंत थांबण्याइतकाही वेळ हातात नसतो. सुरुवात दोन्हींची सारखीच दिसते, ही खरी अडचण.

गेल्या संक्रांतीची गोष्ट. इथे राळेगावात आमच्या शेजारी बोरन्हाण होतं. मूल सव्वा वर्षाचं. बोरं, चुरमुरे, हलवा डोक्यावरून ओतून झाला, बायका वाण घेऊन बसल्या, आणि कुणीतरी कौतुकानं बाळाच्या तोंडात तिळाच्या लाडवाचा तुकडा घातला. दहा मिनिटांत ओठ सुजले, गालावर, पोटावर गांधी आल्या. आजी म्हणाल्या, "काही नाही होत व, पित्त आहे ते. आमसूल आण." आमसूल आलंही. तेवढ्यात मूल भडभडून ओकलं, पुन्हा ओकलं, खोकू लागलं आणि त्याचा रडण्याचा आवाज बदलला, घोगरा झाला. मग तर रडायचंच थांबलं आणि आईच्या खांद्यावर मान टाकली. बायका म्हणाल्या, बरं झालं, शांत झालं. आई मात्र उठून उभी राहिली. "आई, हे शांत होणं नाही. मी दवाखान्यात चालले."

वडील म्हणत होते, गाडी काढतो, सरळ यवतमाळलाच नेऊ, तिथे मोठे डॉक्टर आहेत. यवतमाळ म्हणजे तासाभराचा रस्ता. ती म्हणाली, "तेवढा वेळ नाही त्याच्याजवळ. आधी इथे." गावातल्याच दवाखान्यात डॉक्टरांनी मूल पाहिलं, एका शब्दात सिस्टरला सांगितलं आणि मांडीत एक सुई दिली. पाच-सात मिनिटांत ओठांचा रंग परत आला. रात्रभर ठेवून घेतलं, कारण अशी लाट ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकते.

ती सुई ॲड्रिनॅलिनची. दुखण्याचं नाव ॲनाफिलॅक्सिस. नाव जड आहे, पण लक्षात ठेवा. ज्या पदार्थाचं इतरांना काही होत नाही, त्यालाच एखाद्याचं शरीर शत्रू समजतं आणि एकदम सगळा दारूगोळा बाहेर काढतं. रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, म्हणून सूज येते आणि रक्तदाब घसरतो. श्वासाच्या नळ्या आवळतात, म्हणून खोकला, घरघर. ॲड्रिनॅलिन सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतं, तेही मिनिटांत. हे औषध जुनं आहे, १९०१ पासून माणसाच्या हाती आहे, आणि महागही नाही. मात्रा वजनावर असते. दहा किलोच्या मुलाला एक मिलीलिटरचा जेमतेम दहावा भाग. ते टोचण्याचं काम डॉक्टर-सिस्टरचं. परदेशी मिळणारी घरी टोचायची तयार पेनं आपल्याकडे सहजासहजी मिळत नाहीत.

२०२१ मध्ये कोविडची लस घेतल्यावर आपल्याला अर्धा तास बसवून ठेवत, आठवतं? किती कुरकुरलो होतो आपण! तो अर्धा तास याच ॲनाफिलॅक्सिससाठी होता. लसीकरणाच्या ठिकाणी त्यासाठी एक छोटा संच ठेवलेला असतो, त्यात हेच औषध. म्हणजे मोठ्या शहराची वाट धरण्याआधी ही सुई आपल्या जवळपास मिळण्याचा संभव बराच आहे. राळेगावातल्या बाईनं ग्रामीण रुग्णालय गाठावं, वडकी-झाडगावकडच्या बाईनं जवळचं आरोग्य केंद्र. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. २०१४ पासून ही गाडी आपल्या राज्यात फुकट आहे. यवतमाळचं मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय पुढच्या उपचारांना आहेच, पण पहिल्या सुईनंतर. दारातून आत शिरताना एवढंच सांगायचं: "अमुक खाल्लं, इतकी मिनिटं झाली, गांधी उठल्या आणि श्वास लागलाय. ॲनाफिलॅक्सिस असेल का?"

मग घरातलं खाजेचं पातळ औषध? सेटिरिझिन, एव्हिल यांनी खाज आणि गांधी कमी होतात, पण घसरलेला रक्तदाब किंवा आवळलेला श्वास त्यांनी सावरत नाही. नुसत्या गांधी आहेत, मूल खेळतंय, दूध पितंय, तर डॉक्टरांना विचारून ते द्यावं आणि मुलावर नजर ठेवावी. पण गांधींच्या जोडीला खोकला, घरघर, घोगरा आवाज, लाळ गळणं, पुन्हा पुन्हा ओकाऱ्या, पांढरंफटक पडणं किंवा अवेळी सुस्तावणं यांतलं एक जरी दिसलं तरी वाट पाहू नये. दहांतल्या एखाद-दुसऱ्या मुलाला तर गांधी उठतच नाहीत, नुसत्या ओकाऱ्या आणि श्वास. हे सगळं खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत होतं. नेताना मूल आडवं ठेवावं, पाय जरा उंच. श्वास फार लागला असेल तर मांडीवर टेकून बसवावं, ओकत असेल तर कुशीवर. उठवून उभं करू नये, तोंडात पाणी घालू नये, बोट घालून ओकवू नये.

(शेंगदाणा खाताखाता मूल एकदम गुदमरलं आणि अंगावर काहीच नाही, तर तो दाणा श्वासनळीत अडकला असण्याचा संभव अधिक. त्याचा उपाय वेगळा, पाठीवर थापट्या देण्याचा. म्हणूनच पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊच नये.)

वडीलधाऱ्यांचा एक मुद्दा हमखास येतो: "अगं, परवाच तर खाल्लं होतं, तेव्हा कुठे काय झालं?" या मुद्द्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं आहे. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञानं समुद्री प्राण्याचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं. पहिल्यांदा ते सोसलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी थोडं विष पुन्हा टोचलं, तर तो मिनिटांत कोसळला. पहिल्या खेपेला शरीर वैर धरतं, दुसऱ्या खेपेला ते काढतं. १९०२ मध्ये रिशेनं त्याला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि १९१३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तेव्हा आजेसासूबाईंशी वाद घालायची वेळ आलीच तर नोबेलवाला आपल्या बाजूचा आहे!

खरं सांगायचं तर औषधापेक्षा अवघड गोष्ट हीच. चारचौघांत, सणाच्या दिवशी, घरच्या सुनेनं "मी चालले" म्हणायचं. पुढे काहीच निघालं नाही तर "उगीच तमाशा केला" हे वर्षभर ऐकावं लागतं. माझं मत विचाराल तर ते ऐकून घ्यावं. आणि सासूबाई झालेल्या वाचक भगिनींना विनंती की त्या क्षणी मुलाच्या आईचा शब्द शेवटचा मानावा. मुलाचं रडणं रोज ऐकणाऱ्या बाईला बदललेला आवाज आधी कळतो.

आता हे वाचून घाबरून बाळाला शेंगदाणा, तीळ, अंडं देणंच बंद करू नका. ते उलटंच होईल. २०१५ मध्ये इंग्लंडातल्या डॉक्टरांनी ६४० बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा पदार्थ नियमानं दिला, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी निघाली. म्हणून सहा महिन्यांनंतर कुटाची पातळ पेज, शिजलेलं अंडं बोटभर चाटवत सुरू करावं, एका वेळी एकच नवी वस्तू, आणि दिवसा, दवाखाना उघडा असताना. ज्या बाळाला आधीपासून जोराचा इसब आहे त्याच्या बाबतीत मात्र डॉक्टरांना विचारूनच.

शेजारच्या बाळाला आता तीळ वर्ज्य आहे. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे त्याची तपासणी झाली. "थोडं थोडं देऊन पाहू, सवय होईल" असा घरगुती प्रयोग करायचा नाही, असं त्यांनी बजावलं. तीळ कुठे कुठे असतो हे त्या घराला आत्ता कळतंय: चटणीत, बेकरीच्या पावावर, मसाल्याच्या पुडीत. मी अर्धा दिवस शाळेत शिकवते, तिथे चिक्की वाटायच्या दिवशी कुणाच्या आईनं काही सांगून ठेवलंय का, हे मी आता आधी विचारते. त्या बाळाच्या आईनं तर एक चिठ्ठी लिहिली आहे: मुलाचं वजन, वर्ज्य पदार्थ, १०८, आणि 'ॲड्रिनॅलिन, मांडीत'. तिच्या तीन प्रती आहेत. एक स्वयंपाकघराच्या दारामागे, एक वडिलांच्या पाकिटात, आणि एक आजीनं मागून घेतली, तिच्या बटव्यासाठी.