निवृत्तिवेतन : हक्क मान्य, कायदा कोठे आहे?

सरकारी नोकराचे निवृत्तिवेतन हे सरकारच्या मर्जीचे दान की त्याने सेवेने मिळविलेला हक्क, हा वाद भारतात निदान तत्त्वतः तरी केव्हाच मिटला आहे. बिहारच्या शिक्षण सेवेतील देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, निवृत्तिवेतन ही खैरात नव्हे. ती त्या नोकराची मालमत्ता आहे. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गेला; परंतु कायद्याच्या आधाराविना कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, हे संरक्षण अनुच्छेद ३०० (अ) मध्ये राहिले, आणि निवृत्तिवेतन त्या संरक्षणाखाली येते हे २०१३ मध्ये झारखंड राज्याच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले. असे असूनही प्रत्येक वेतन आयोगानंतर सेवानिवृत्तांना न्यायालयाची पायरी का चढावी लागते? सेवेत अपंग झालेल्या जवानाला आपल्याच सरकारविरुद्ध वर्षानुवर्षे का भांडावे लागते? याचे उत्तर एकच आहे. हा हक्क न्यायाधीशांच्या निकालपत्रांत आहे. लोकप्रतिनिधींनी साधकबाधक चर्चा करून संमत केलेल्या स्वतंत्र व सर्वंकष कायद्यात तो नाही.

या विषयावरील आपला जुना कायदा ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केला. निवृत्तिवेतनावर सावकाराला जप्ती आणता येऊ नये, एवढी चांगली गोष्ट त्यात होती. पण निवृत्तिवेतनासंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयांनी सर्वसाधारणपणे चालवू नयेत, असाही दंडक त्याने घातला. राजा देतो आणि प्रजा घेते, ही त्यामागची दृष्टी. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ ने सरकारी नोकरांच्या सेवाशर्ती कायद्याने ठरविण्याचा अधिकार संसदेला व राज्य विधिमंडळांना दिला. असा कायदा होईपर्यंत राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी नियम करावेत, ही त्या अनुच्छेदातील परंतुकाची तरतूद तात्पुरत्या सोयीसाठी होती. पुढे ती सोयच कायम झाली. केंद्राचे १९७२ चे निवृत्तिवेतन नियम, महाराष्ट्राचे १९८२ चे नियम, केंद्राने २०२१ मध्ये आणलेले नवे नियम, हे सारे या परंतुकाच्याच आधारे आले. नियम करणारे सरकार, पैसा देणारे सरकार आणि नियमाचा अर्थ लावणारेही सरकारच. अशा व्यवस्थेत न्यायालय हाच नोकराचा एकमेव आसरा उरतो.

या आसऱ्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे डी. एस. नकारा यांचा खटला. केंद्र सरकारने १९७९ मध्ये निवृत्तिवेतनाची अधिक उदार पद्धत आणली. शेवटच्या ३६ महिन्यांच्या सरासरी वेतनाऐवजी शेवटच्या १० महिन्यांची सरासरी धरावयाची, असे तिचे स्वरूप होते. मात्र ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच तिचा लाभ मिळणार होता. एक दिवस आधी घरी गेलेला नोकर जुन्या हिशेबाने जगणार आणि एक दिवस नंतर गेलेला नव्या हिशेबाने. १७ डिसेंबर १९८२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा भेद रद्द केला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते आणि निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. निवृत्त झालेले सर्व लोक हा एकच वर्ग आहे आणि केवळ तारखेच्या आधारे त्याचे दोन तुकडे पाडणे हे समानतेच्या अनुच्छेद १४ चे उल्लंघन आहे, असे त्याचे सार होते. देशभरचे सेवानिवृत्त आजही १७ डिसेंबर हा दिवस आपला दिवस म्हणून पाळतात, ते काही उगीच नव्हे.

परंतु न्यायालयाने दिलेले न्यायालयच आवरते घेऊ शकते. १९९१ मध्ये माजी सैनिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नकारा निकालाची व्याप्ती मर्यादित केली. निवृत्तीची तारीख कोणतीही असली तरी समान पदाला समान रक्कम मिळाली पाहिजे, असा त्या निकालाचा अर्थ होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर तारखांच्या भिंती एकामागून एक उभ्या राहिल्या. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांसाठी सेनादले वगळता जुनी पद्धत बंद झाली आणि अंशदानाची नवी योजना आली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ ही तारीख धरली. एकाच शाळेत, एकाच वर्गाच्या दोन तुकड्यांना शिकविणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाला शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर महागाईवाढ मिळणार, तर दुसऱ्याच्या वाट्याला बाजाराच्या चढउतारावर ठरणारी रक्कम येणार. भरतीची जाहिरात आधी निघाली, पण नेमणूक लांबली, अशांची तर विचित्र कोंडी झाली. ज्यांचा उशीर सरकारी कचेरीत झाला, त्यांनाच त्याची शिक्षा! केंद्राने २०२३ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२४ मध्ये अशांना जुन्या योजनेचा पर्याय दिला. म्हणजे चूक दुरुस्त व्हायला जवळजवळ दोन दशके लागली.

याहून गंभीर गोष्ट अपंगत्वाची आणि अकाली मृत्यूची आहे. म्हातारपणासाठी शिल्लक टाकायला नोकराजवळ तीस वर्षे असतात. अपघात आणि आजार मात्र मुदत देत नाहीत. नव्या योजनेत आलेला तरुण कारकून पाचव्या वर्षी दगावला किंवा अंथरुणाला खिळला, तर त्याच्या खात्यात साठलेली पुंजी ती कितीशी असणार? केंद्राने २००९ मध्ये अशा प्रसंगी जुन्या नियमांनुसार कुटुंब निवृत्तिवेतन व अपंगत्वाचे लाभ देण्याची व्यवस्था केली. महाराष्ट्रात कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन व उपदान देण्याचा शासन निर्णय निघाला तो मार्च २०२३ मध्ये, राज्यातील कर्मचारी व शिक्षकांनी १४ मार्चपासून संप केला त्या महिन्यात. इतक्या मूलभूत संरक्षणासाठी संपाची वेळ यावी, यातच नियमांवर चालणाऱ्या कारभाराचे अपुरेपण दिसून येते. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना सुरू केली. २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची आणि किमान दहा वर्षांच्या सेवेनंतर दरमहा १०,००० रुपयांची हमी तिच्यात आहे. निश्चित रकमेची हमी हवी, हे तत्त्व यामुळे पुन्हा मान्य झाले, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि हीदेखील अधिसूचनेने आलेली योजना आहे. उद्या ती अधिसूचनेनेच बदलता येईल.

संसदेने निवृत्तिवेतनाबाबत अजिबात कायदा केला नाही, असे मात्र नाही. २०२५ च्या वित्त अधिनियमात तिने तो केला, पण कसा? निवृत्तिवेतनधारकांचे वर्गीकरण करण्याचा व त्यांच्यात भेद राखण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि तो पूर्वीपासूनच होता असे समजावे, निवृत्तीची तारीख हा त्या भेदाचा आधार असू शकतो, अशी तरतूद त्यात झाली. तीही १ जून १९७२ पासून, म्हणजे बावन्नहून अधिक वर्षे मागे जाऊन! अंदाजपत्रकाला मंजुरी देणाऱ्या विधेयकाच्या पोटात ती आली आणि मार्चअखेर संमत झाली. सध्याच्या मुलकी निवृत्तिवेतनात यामुळे काहीही बदल होत नाही आणि सेनादलांना ही तरतूद लागू नाही, असे स्पष्टीकरण अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत दिले. त्या आश्वासनावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. पण आश्वासन हे मंत्र्याचे असते आणि कलम कायद्याचे. मंत्री बदलतात, कलम राहते. नकारा निकालाने पाडलेली भिंत बांधण्याचा अधिकार ज्या कायद्याने सरकारच्या हाती दिला, तो कायदा निदान स्वतंत्र विधेयकाच्या रूपाने सभागृहापुढे यावयास हवा होता. प्रवर समितीपुढे त्याची छाननी व्हावयास हवी होती. लक्षावधी वृद्धांच्या चरितार्थाला एवढाही वेळ मिळू नये काय?

सैनिकांची कथा थोडी वेगळी असली, तरी मूळ तेच आहे. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान् पिढ्या तरुण सैन्यात गेले. बहुसंख्य जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. मुलांचे शिक्षण, घरबांधणी, आईवडिलांचे आजारपण हे सारे खर्च त्याच्यापुढे निवृत्तीनंतर उभे राहतात. मुलकी नोकर साठीपर्यंत वेतनवाढी घेत असतो, तेव्हा हा जवान वीस वर्षांपूर्वीच्या वेतनावर बेतलेल्या रकमेत संसार रेटत असतो. म्हणूनच समान पद व समान सेवाकाळाला समान निवृत्तिवेतन ही मागणी पुढे आली. ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने ती १ जुलै २०१४ पासून मान्य झाली. पण फेरआढावा पाच वर्षांनी घ्यावयाचा असे ठरले, आणि त्या आदेशानंतर स्वेच्छेने मुदतपूर्व निवृत्त होणारे बाहेर राहिले. १६ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण वैध ठरविताना तो सरकारच्या धोरणाचा प्रश्न मानला. न्यायालयाचे हे म्हणणे रास्त आहे. धोरण ठरविणे हे विधिमंडळाचे आणि त्याला उत्तरदायी असलेल्या सरकारचे काम. मग विधिमंडळाने ते कायद्याच्या रूपाने का ठरवू नये?

अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तर नियम चांगले असूनही ते पाळले गेले नाहीत. सेनादलांसाठी १९८२ मध्ये झालेल्या नियमांनुसार, भरतीच्या वेळी ज्याच्या प्रकृतीत दोष नोंदविलेला नाही तो धडधाकट होता असे गृहीत धरावयाचे होते. आजार सेवेमुळे जडला हे सिद्ध करण्याचा भार जवानावर नव्हता आणि शंका असल्यास तिचा फायदा त्याला द्यावयाचा होता. प्रत्यक्षात वैद्यकीय मंडळे ‘सेवेशी संबंध नाही’ एवढा शेरा कारणांवाचून मारीत आणि प्रकरण संपे. १९८५ मध्ये भरती झालेला धर्मवीर सिंह हा शिपाई १९९४ मध्ये अपस्माराच्या विकारामुळे २० टक्के अपंग ठरवून घरी पाठविला गेला. त्याला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. नियमांचा साधा अर्थ सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला तो जुलै २०१३ मध्ये, एकोणीस वर्षांनी. आता २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली चार वर्षांसाठी भरती होत आहे. त्या मुदतीनंतर बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपयांची एकरकमी भरपाई आहे. रक्कम लहान नाही, हे खरे. पण विशीतल्या तरुणाचा पाय गेला, तर त्याला पुढची पन्नास वर्षे काढावयाची असतात. एकरकमी पैसा इतकी वर्षे पुरत नाही, हे कोणत्याही संसारी माणसाला समजावून सांगावे लागू नये.

स्वतंत्र कायदा असला की काय फरक पडतो, याचे उदाहरण मुलकी सेवेतच आहे. सेवेत अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही. जमेल असे दुसरे काम त्याच वेतनश्रेणीत द्यावे आणि तसे पद नसल्यास अधिसंख्य पद निर्माण करावे, असे १९९५ च्या कायद्याने सांगितले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते कायम ठेवले. कर्तव्यावर असताना जखमी होऊन पाय गमावलेल्या कुणाल सिंह या शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये याच कायद्याच्या बळावर न्याय दिला. रुग्णता निवृत्तिवेतन देऊन सरकारला मोकळे होता येणार नाही, असे बजावले. काही आस्थापनांना सूट देण्याची मुभा सरकारने या कायद्यात स्वतःकडे ठेवली आहे, ही उणीव आहेच. पण कायदा होता म्हणून त्या शिपायाच्या हाती काही तरी होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राज्यांच्या तिजोरीचा मोठा भाग वेतन व निवृत्तिवेतनावर खर्च होतो. शेतमजूर, हमाल, घरकामगार यांना असे कोणतेच छत्र नाही. राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंतच्या निराधार वृद्धाला दरमहा अवघा २०० रुपये राहिला आहे. अशा देशात संघटित नोकरांनीच सारे मागावे काय? प्रश्न योग्य आहे. पण त्याचे उत्तर शिक्षकाचे किंवा जवानाचे निवृत्तिवेतन अनिश्चित करून मिळत नाही. त्या मजुराचे २०० रुपये त्यामुळे वाढत नाहीत. उलट खर्चाचा खरा हिशेब सभागृहापुढे येण्यासाठीच स्वतंत्र कायदा हवा. प्रत्येक नव्या योजनेचा पुढील पिढीवर किती भार पडेल याचे अधिकृत अनुमान मांडल्याखेरीज ती आणता येऊ नये, असे बंधन त्यात घालता येईल. आज निवडणुकीपूर्वी वचन द्यावयाचे आणि नंतर आदेशाने ते आखडावयाचे, हा जो खेळ चालतो, त्याला आळा बसेल.

अशा कायद्यात फार काही असण्याची गरज नाही. निवृत्तिवेतन हा हक्क आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. एकाच वर्गातील माणसांत केवळ तारखेवरून भेद करावयाचा असेल, तर त्याचे कारण सरकारने सभागृहापुढे मांडावे व ते न्यायालयात तपासता यावे. सेवेत आलेल्या अपंगत्वाबाबत शंकेचा फायदा नोकराला मिळावा आणि नकार द्यावयाचा झाल्यास वैद्यकीय मंडळाने तो सकारण लिहून द्यावा. दावा ठरावीक मुदतीत निकालात निघाला नाही, तर व्याज द्यावे लागावे. केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली. त्याच्या शिफारशींबरोबर आणखी एक तारीख येणार आणि तिच्या अलीकडचे व पलीकडचे असे दोन गट पुन्हा पडण्याचा धोका आहे. ती तारीख येण्याआधीच संसदेने या कामाला हात घातला पाहिजे. ऐंशीच्या घरातील माणसाला आणखी एकोणीस वर्षे थांबायला सांगता येत नाही.