रस्त्यावरची राणी, सर्किटवर गैरहजर

कळंबोलीच्या मॅकडोनल्ड्ससमोर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभं राहिलेल्या पनवेलकराला रविवार सकाळचा तो आवाज ओळखीचा आहे. मुंबईकडून लॅम्बोर्गिनी, फेरारी, पोर्शे येतात, एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी वळतात आणि खालापूरच्या दिशेने नाहीशा होतात. बघणाऱ्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: ही रेसमध्ये पहिली येत असेल ना? यातल्या बऱ्याच गाड्यांचं उत्तर असं आहे की त्या व्यावसायिक शर्यतीत कधी उतरलेल्याच नाहीत.

पनवेल तालुक्याला यामागचं कारण लवकर कळेल, कारण शर्यत म्हणजे काय हे इथल्या मातीला ठाऊक आहे. विहिघरच्या पंढरीशेठ फडके यांच्या बैलांनी हा तालुका राज्यभर गाजवला. बैलगाडा शर्यतीत आधी दात बघतात, मग आदत, दुसा, चौसा असे गट पडतात. बैल कितीही पळणारा असो, गटात बसला नाही तर त्याला त्या गटात जोडता येत नाही. मोटार शर्यतीत हे दात बघण्याचं काम ‘फिया’ ही जागतिक संघटना करते. कंपनीने गाडीची कागदोपत्री आणि प्रत्यक्ष तपासणी करून घ्यायची, मान्यता मिळवायची, आणि मगच ती गाडी त्या गटात धावू शकते. याला होमोलोगेशन म्हणतात.

आज जगभर सर्वाधिक चालणारा गट म्हणजे 2006 साली सुरू झालेला जीटी3. त्यात सगळ्या गाड्या जवळपास सारख्या वेगाने धावाव्यात म्हणून नियामक प्रत्येक गाडीचं वजन, जमिनीपासूनची उंची, इंजिनला मिळणारी हवा ठरवून देतात. लॅम्बोर्गिनी हुराकान इवो रस्त्यावर 640 हॉर्सपॉवरची आणि चारही चाकांना जोर देणारी. तिच्या जीटी3 भावंडाला जोर फक्त मागच्या चाकांचा, आणि ताकद नियामक देतील तेवढीच. म्हणजे शोरूममध्ये ज्या गोष्टींचे पैसे मोजले जातात, त्या सर्किटच्या दारातच काढून ठेवाव्या लागतात. त्याच कंपनीची मोठी, बारा सिलिंडरची अवेंटाडोर जीटी3मध्ये कधी आलीच नाही. बुगाटी शिरॉनची गोष्ट आणखी स्पष्ट आहे: आठ लिटरचं सोळा सिलिंडरचं इंजिन, 1500 हॉर्सपॉवर, वजन दोन टनांच्या घरात. तिची ताकद एक तृतीयांशावर आणली तर उरते ती एक जड गाडी. नाही आणली तर तिच्यासमोर उभं राहायला दुसरं कोणी नाही.

दुसरं कारण पैशाचं, आणि माझ्या मते तेच खरं कारण. पोर्शे 911 जीटी3 आर ही शर्यतीची गाडी पाच लाख युरोहून जास्त किमतीला विकली जाते. गाडी विकून काम संपत नाही. प्रत्येक सर्किटवर सुटे भाग आणि इंजिनिअर पाठवावे लागतात, तेही वर्षानुवर्षं. पोर्शेने हा स्वतंत्र धंदा म्हणून उभा केला, म्हणून 911 सगळीकडे दिसते. वर्षाला मोजक्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीला तो परवडत नाही. उलट फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीने काय होतं, हेही जगाने पाहिलं आहे. मर्सिडीजने सीएलके जीटीआर आधी शर्यतीसाठी घडवली आणि रस्त्यावर चालण्याजोग्या जेमतेम पंचवीसेक बनवल्या. 1998च्या मोसमात आपल्या गटाच्या मालिकेतल्या सगळ्या शर्यती मर्सिडीजने जिंकल्या, प्रतिस्पर्धी निघून गेले आणि तो गटच बंद पडला. मॅकलारेन एफ1 हा सुखद अपवाद. गॉर्डन मरे यांनी ती रस्त्यासाठी घडवली होती, मालकांच्या आग्रहामुळे ती शर्यतीत उतरली आणि 1995 साली ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली.

या सगळ्याचा सर्वांत बोलका नमुना आपल्याच मुंबईच्या कंपनीकडे आहे. महिंद्रा समूह 2014 पासून, म्हणजे अगदी पहिल्या मोसमापासून, फॉर्म्युला ई या विजेवरच्या मालिकेत आहे. याच समूहाने पुढे इटलीची पिनिनफरिना कंपनी घेतली आणि बातिस्ता ही विजेवरची हायपरकार आणली: 1900 हॉर्सपॉवर, शून्यावरून शंभराचा वेग दोन सेकंदांच्या आत, जास्तीत जास्त 150 गाड्या. शर्यतीचा संघ घरात, जगातल्या सर्वांत ताकदवान गाड्यांपैकी एक घरात, तरी बातिस्ता कुठल्याही मालिकेत नाही. थोडं गणित मांडून बघा. बातिस्ताची बॅटरी 120 किलोवॉट-तासांची आणि पूर्ण ताकद सुमारे 1400 किलोवॉट. पाय दाबून धरला तर हिशेबाने ती पाच मिनिटांत रिकामी होईल. बॅटरी आणि मोटारी तापल्या की ताकद कमी करावी लागते, ते वेगळंच. आणि वजन दोन टनांहून अधिक, म्हणजे प्रत्येक वळणावर टायर आणि ब्रेक यांची परीक्षा. याउलट 2023 साली हैदराबादच्या रस्त्यांवर धावलेली फॉर्म्युला ईची गाडी चालकासकट 840 किलोची, 350 किलोवॉटची, आणि खर्च होणाऱ्या विजेतला मोठा वाटा ती ब्रेक लावताना परत कमावते. ती शर्यत पूर्ण करण्यासाठी बांधलेली आहे. बातिस्ता माणसाला थक्क करण्यासाठी. दोन्ही अभियांत्रिकीचे उत्तम नमुने, पण एकीचं काम दुसरीला जमणार नाही.

पुणे परिसराकडे वळलं की मन थोडं हळवं होतं. दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती ही देशी स्पोर्ट्स कार 2012च्या ऑटो एक्स्पोत झळकली. रेनोचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, 250 हॉर्सपॉवर. टाटांची टॅमो रेसमो ही स्पोर्ट्स कार 2017 साली जिनिव्हात दिसली आणि विक्रीला येण्याआधीच थांबली. अवंतीसाठी एखादी एकाच गाडीची मालिका निघाली असती, तर तिचे दोष शर्यतीत उघडे पडले असते आणि दुरुस्तही झाले असते. फोक्सवॅगनने भारतात पोलो कप चालवून नेमकं हेच दाखवलं: साधी, स्वस्त, सगळ्यांना सारखी गाडी, आणि पोरं शिकून पुढे जातात.

आपल्याकडच्या मालकाची अडचण मात्र कंपनीच्या अडचणीहून वेगळी आहे. परदेशातून तयार येणाऱ्या महागड्या गाडीची किंमत आयात करामुळे दुपटीच्या आसपास जाते. इतक्या किमतीची वस्तू सर्किटच्या भिंतीजवळ न्यायला छाती लागते. त्यात तुमच्या-आमच्या वाहन विम्याच्या कागदावर गाडी कशासाठी वापरता येणार नाही याची यादी असते. संघटित शर्यत, वेगाची चाचणी हे त्यातच येतं. शर्यतीत गाडी ठोकली तर भरपाई शून्य. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. एक्स्प्रेसवेवर सपाटीला मर्यादा ताशी 100, घाटात 60. बोरघाटाने किती घरं उद्ध्वस्त केली आहेत हे पनवेल-खोपोलीच्या रुग्णवाहिका चालकांना विचारावं. तिथे वेग दाखवणाऱ्याबद्दल मला जराही आपुलकी नाही.

मग ज्याला खरोखर पळवायची आहे त्याने जायचं कुठे? अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ व्हायची. सरळ रेषेत पाव मैल, घड्याळासमोर, सुरक्षा व्यवस्थेसह. अशा महागड्या गाड्या तिथे आनंदाने आल्या, कारण तिथे गट सोपे, वळणं नाहीत आणि गाडी संध्याकाळी शाबूत घरी जाते. परदेशात कंपन्या याच मालकांसाठी एकाच गाडीच्या मालिका चालवतात. रेमंडचे गौतम सिंघानिया युरोपात फेरारी चॅलेंजमध्ये उतरले ते असेच. आपल्या राज्यात कोल्हापूरला मोहित्यांचा छोटा ट्रॅक आहे, पण मोठं कायमस्वरूपी सर्किट नाही. राष्ट्रीय स्पर्धांसाठी मुंबई-पुण्याची मुलं चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरला आणि कोईमतूरच्या करी स्पीडवेवर जातात. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय, जेहान दारूवाला, मुंबईचाच. त्याची घडण मात्र बहुतेक युरोपात झाली. चाकण, पिंपरी आणि नाशिकला लाखो गाड्या बांधणाऱ्या या राज्याने पनवेल ते लोणावळ्याच्या पट्ट्यात एक चार किलोमीटरचं सर्किट बांधावं, त्यावर सामान्य मुलांना परवडेल अशी स्वस्त गाड्यांची मालिका आधी सुरू करावी आणि रविवारच्या लॅम्बोर्गिन्यांना दुपारचे दोन तास भाड्याने द्यावेत. त्या भाड्यातून सकाळच्या मुलांचे टायर निघतील.