हिरव्या बटणाच्या आधी

रमजान आला की आमच्या गल्लीतल्या शिलाई मशीन रात्री उशिरापर्यंत थांबत नाहीत. इफ्तार उरकतो, पुरुषमंडळी तरावीहच्या नमाजला जातात आणि घराघरांतून मशीनचा आवाज सुरू होतो. कुणाचा कुर्ता, कुणाची सलवार, लहान मुलींचे शरारे. गेल्या वर्षीपासून त्यात आमच्या घरचा एक निराळा आवाज मिसळला आहे. सलग टरटर चालायची, मग थांबून बीप वाजायचा. म्हणजे दोरा बदला, पुढचा रंग लावा.

हे घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन आमच्याकडे आलं ते भिशी लागली म्हणून. रमजानला महिनाभर अवकाश होता. ब्लाऊज, फॉल-पिको एवढं मला येत होतंच. दुकानात मशीन दाखवणाऱ्या मुलाने पिस्ता रंगाच्या कापडावर गुलाब काढायला लावला, हिरवं बटण दाबलं आणि गुलाब होईपर्यंत शेजारी उभा राहून चहा प्यायला. खरं सांगायचं तर मला गुलाबापेक्षा तो चहा जास्त आवडला. बटण दाबायचं आणि चहा प्यायचा, असं काम ईदच्या टोप्या-रुमालांवर करता आलं तर चार पैसे मिळतील, असा हिशेब मांडून मी मशीन घरी आणलं.

पहिल्याच फुलाला आवाज बदलला. टरटरचं धपधप झालं, कापड पत्र्याला चिकटून बसलं आणि खालून दोऱ्याचा बोराएवढा गोळा निघाला. कात्री घालून सोडवावं लागलं. दुसऱ्यांदाही तेच. मी बॉबिन काढून पाहिली, बदलली, खालचा भाग ब्रशने साफ केला. दोन दिवस खालीच दोष शोधत बसले. दोष वर होता. वरचा दोरा ज्या दोन चकत्यांच्या मधून जातो, त्या सुईजवळचा फूट वर उचललेला असतानाच उघडतात. मी फूट खाली टाकून दोरा ओवत होते, त्यामुळे दोरा चकत्यांच्या आत जातच नव्हता. वर ताण नाही, म्हणून खाली ढीग. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकीला हा गोळा भेटतो. तो दिसला की आधी फूट वर करून वरचा दोरा पुन्हा ओवावा. निम्म्याहून अधिक वेळा तेवढंच पुरतं.

ताण बरोबर आहे की नाही, हे कापड उलटं करून कळतं. सॅटिन टाक्याची पट्टी मागून पाहिली तर मधल्या तिसऱ्या हिश्श्यात बॉबिनचा पांढरा दोरा दिसावा आणि दोन्ही कडांना वरच्या दोऱ्याचा रंग. पांढरा दोरा पुढच्या बाजूला डोकावू लागला तर वरचा ताण जास्त आहे.

हे सगळं चालू असताना आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून ऐकत असायच्या. त्यांनी काळ्या पायमशीनवर तीसेक वर्षं भरतकाम केलं. फूट काढून टाकायचा, दात्यांवर पट्टी बसवायची, कापड लाकडी रिंगीत ताणायचं आणि पायाने मशीन चालवत दोन्ही हातांनी रिंग फिरवायची. नक्षी हाताच्या फिरण्यातून येते. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, दुपट्टे असं कितीतरी त्यांनी भरलं आहे. आता एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, सुईत दोरा ओवणं सुटलं. पण कान तयार आहेत. दोरा तुटायच्या आधी त्या म्हणतात, “थांबव.” मी थांबवेपर्यंत तो तुटलेला असतो.

माझ्या मशीनमध्ये रिंग मशीनच फिरवतं. यावर त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. हजला गेल्या होत्या तेव्हा काबागृहावरचं काळं रेशमी आवरण, किस्वा, त्यांनी पाहिलं होतं. त्यावरच्या आयती सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेने हाताने भरतात. अम्मींचं म्हणणं, जिथे पैशाला तोटा नाही तिथेही शेवटी हातच लागतो, तर तुझं हे खेळणं काय करणार? मी उलट बोलले नाही. खरं म्हणजे आरीचं काम, मोती, टिकल्या यातलं काही माझ्या मशीनला येत नाही. लग्नाच्या ब्लाऊजवर जे भरगच्च काम दिसतं, ते बऱ्याचदा हाताने होतं.

कापड ताणण्यावरून मात्र आमचा आठवडाभर वाद चालला. अम्मींचा नियम एकच, रिंगीतलं कापड ढोलासारखं वाजलं पाहिजे. मी तसंच ओढून ताणलं. रिंगीत असेपर्यंत फूल झकास दिसलं, रिंग सोडली आणि भोवती सुरकुत्या पडल्या. ओढलेलं कापड मूळ मापाला परत येतं, वर बसलेला दोरा येत नाही. आता मी कापड फक्त सपाट, उभ्या-आडव्या धाग्यांत सरळ बसवते. ताण घेतो तो कापडाखालचा थर.

हा खालचा थर म्हणजे अर्धी विद्या. दुकानात त्याला कुणी स्टॅबिलायझर म्हणतं, कुणी एम्ब्रॉयडरी पेपर, कुणी बकरमच काढून देतं. कडक बकरमने सुई बोथट होते आणि कुर्त्याचा गळा पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. सरळ सुती कापडाला फाडून काढता येणारा थर चालतो. टी-शर्ट, होजिअरी अशा ताणल्या जाणाऱ्या कापडाला मात्र कात्रीने कापून काढायचा, म्हणजे नक्षीखाली कायमचा राहणारा थर हवा. तिथे फाडायचा थर लावला तर दोन धुण्यांत फूल वेडंवाकडं होतं. बाळाच्या झबल्यावर नाव भरलं तर आतून एक मऊ तुकडा चिकटवावा. टाक्यांची उलटी बाजू टोचते.

चहाचं काय झालं? दहा हजार टाक्यांची नक्षी, मिनिटाला सहाशे टाके, म्हणजे सतरा मिनिटं, असा माझा हिशेब. पण मशीनला सुई एकच. सहा रंग म्हणजे सहा वेळा उठून दोरा बदलायचा. लांब उडीचे दोरे कापायचे. चाळीस मिनिटं कुठेच गेली नाहीत. आणि रोज्यात चहाचा प्रश्नच नव्हता.

टोप्यांचं एक सांगून ठेवते. शिवून तयार झालेल्या गोल टोपीवर भरायला जाऊ नये. आधी सपाट पट्टीवर भरावं, मग टोपी शिवावी. एका गिऱ्हाइकाने विचारलं, दोरा रेशमाचा तर नाही ना, कारण आमच्यात पुरुषांनी अस्सल रेशीम वापरू नये असं सांगितलेलं आहे. चमक पाहून शंका आली असणार. दोरा चाळीस नंबरचा पॉलिस्टर होता, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला.

नावं भरणं मला सगळ्यांत अवघड गेलं. माझ्या मशीनमधल्या आयत्या अक्षरांत देवनागरीही नव्हती आणि उर्दूही. संगणकावर अक्षरांचे टाके आखून घ्यावे लागतात आणि आपल्या मशीनला समजेल त्या प्रकारची फाइल बनवावी लागते. नुसता फोटो देऊन भागत नाही. दोरा टाक्याच्या दिशेने कापड आत ओढतो, त्यामुळे पडद्यावर चिकटलेली शिरोरेषा कापडावर अक्षरापासून सुटते. म्हणून अक्षराचं टोक रेषेच्या आत थोडं घुसवून आखायचं. अनुस्वार बारीक काढला तर तिथे नुसती गाठ बसते. उर्दूत तर नुक्त्यांवर सगळा खेळ. खाली एक नुक्ता असला की बे, वर दोन असले की ते. एका रुमालावर एक नुक्ता खाली घसरला आणि मुलाचं नावच बदललं. तो रुमाल आमच्याकडेच आहे, भांडी पुसायला.

असं करत करत मार्च अर्धा संपला. गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ मार्चला. समोरच्या काकूंनी पाडव्यासाठी नातीचं परकर-पोलकं करायचं ठरवलं. कापड त्यांच्या आईच्या साडीचं, जांभळं रेशीम, जुन्या जरीचे काठ. पोलक्याच्या पुढच्या भागाचा तुकडा त्यांनी माझ्याकडे दिला. “पाच कोयऱ्या काढ गं, बारीकशा,” म्हणाल्या. मी तोवर फक्त सुती कापडावर काम केलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. रोज्याचा शेवटचा तास हा बारीक कामाचा नव्हेच, घसा कोरडा, लक्ष घड्याळाकडे. मशीनला होती तीच सुई ठेवली. साधारण आठ तासांच्या कामानंतर सुई बदलावी, ती आठवडाभर बदललेली नव्हती. नक्षी टॉवेलसाठी आखलेली, दाट टाक्यांची. रेशीम थेट रिंगीत आवळलं. हिरवं बटण दाबलं. पहिली कोयरी निम्मी झाली आणि तिच्या कडेने कापड सुटायला लागलं, पोस्टाच्या तिकिटाची कड फाटते तसं. थांबवून टाके उसवले. सुती कापडावरची भोकं पाणी मारून नखाने घासली की बरीचशी मिटतात. रेशमाची मिटत नाहीत. वर रिंगीचा वळ उठला होता, तो वेगळाच.

मनात पहिला विचार आला तो झाकण्याचा. वरून मोठं पान लावलं, कडेला लेस फिरवली, तर कुणाला कळणार होतं? अम्मी कोपऱ्यात तसबीह घेऊन बसल्या होत्या. उसवताना होणारा आवाज त्यांनी ऐकला होता. “अमानत है वो,” म्हणाल्या. अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हाती दिलेली ठेव. मी म्हटलं, इफ्तार झाल्यावर जाते. “अब्बीच जा.”

काकू सुपात गहू निवडत होत्या. मी तुकडा पुढे केला, काय झालं ते सांगितलं, हेही सांगितलं की मला रेशमाचा सराव नव्हता. त्यांनी तुकडा खिडकीपाशी नेला. उजेडात भोकं स्वच्छ दिसली. “आईची होती,” म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “राहू दे आता.” बस म्हणाल्या नाहीत.

त्या दिवशी इफ्तारचं ताट आम्ही नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे पाठवलं. आमच्या गल्लीत कुणाचंही ताट रिकामं परत जात नाही, निदान साखर तरी घालतात. ते ताट दुसऱ्या दिवशी घासूनपुसून, रिकामं आलं. अम्मींनी ते हातात घेतलं, हात फिरवून पाहिला आणि मांडणीवर ठेवून दिलं. काही बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी रात्री काकू आल्या. काखेत उरलेली साडी. “पदराकडचं अजून धड आहे. पण तू एकटी बसायचं नाहीस. मी समोर बसणार.” मग आम्ही तिघी बसलो. खराब झालेला तुकडाच आधी प्रयोगाला घेतला. रेशमाला मागून पातळ मऊ अस्तर चिकटवलं. रिंगीत फक्त खालचा थर ताणला आणि रेशीम त्यावर नुसतं ठेवून कडेने धावदोरा घातला. तो काकूंनी स्वतः घातला, माझ्या हातात दिला नाही. सुई नवी, सत्तर नंबरची. कोयरी आतून न भरता नुसती बाह्यरेषा, टाके विरळ, वेग सगळ्यांत कमी. प्रयोगाच्या तुकड्यावर तीनदा काढली. तिसऱ्या खेपेला अम्मींनी बोटांनी कड चाचपली, आणि मग काकूंनी पदराचा तुकडा पुढे सरकवला. पाच कोयऱ्यांना दोन रात्री लागल्या. दुसऱ्या रात्री तरावीहहून परतलेली पुरुषमंडळी स्वयंपाकघरात स्वतःच चहा करून प्यायली.

पाडव्याला सकाळी पोरगी ते पोलकं घालून गुढीपुढे उभी होती. त्याच संध्याकाळी चांद दिसला. दुसऱ्या दिवशी तेच परकर-पोलकं घालून ती आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला आली आणि दोन कोयऱ्यांवर सांडून गेली.

खराब झालेला तुकडा काकूंनी परत नेला नाही. तो माझ्या मशीनच्या खणात आहे. नवी नक्षी आखली की आधी त्याच्याकडे बघून घेते.

या रमजानमध्ये काकूंनी मला काम दिलंय, सहा टॉवेल, प्रत्येकाच्या कोपऱ्यात घरातल्या एकेकाचं नाव. टॉवेलच्या फुग्यांत अक्षर बुडतं, म्हणून वरून पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा अंथरून भरायचं आणि शेवटी धुऊन टाकायचं. तीन झालेत, तीन व्हायचेत. रेशीम त्यांनी अजून दिलेलं नाही.