विश्लेषण : एका कम्पायलरवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर का अडतो?

'सी' भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम नियमांनुसार अचूक असला, तरी एखादा कम्पायलर तो नाकारू शकतो. असे का होते?

प्रमाण काय सांगते?

प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर संगणकाला कळणाऱ्या सूचनांमध्ये बदलणे हे कम्पायलरचे काम. पण कोणत्याही कम्पायलरची क्षमता अमर्याद नसते. म्हणून भाषेचे प्रमाण किमान मर्यादा ठरवून देते. १९८९ च्या प्रमाणात एका फंक्शनला ३१ पॅरामीटर आणि एकात एक १५ ब्लॉक एवढी किमान अपेक्षा होती. १९९९ मध्ये दोन्ही आकडे १२७ झाले.

नावांचा घोळ कसा होतो?

१९८९ च्या प्रमाणात, वेगवेगळ्या फाइल्सना जोडणाऱ्या नावांची पहिली सहाच अक्षरे वेगळी ओळखण्याची सक्ती होती. जुन्या लिंकरची कुवत तेवढीच होती. इंग्रजीत 'सॅलरी' हा शब्द सहा अक्षरांचा. त्यामुळे 'सॅलरीटॅक्स' आणि 'सॅलरीटोटल' ही नावे एकच मानली जाण्याचा धोका होता. १९९९ मध्ये ही मर्यादा ३१ अक्षरांवर गेली. 'जीसीसी' हा कम्पायलर तर नावातील सगळीच अक्षरे विचारात घेतो.

प्रत्यक्षात मर्यादा किती?

'मायक्रोसॉफ्ट'चा कम्पायलर १२८ पेक्षा जास्त ब्लॉक एकात एक आले की थांबतो. 'क्लँग'मध्ये कंसांची मर्यादा मुळात २५६ असते आणि ती वाढवता येते. एका फाइलमधून दुसरी, तिच्यातून तिसरी जोडण्याच्या पातळ्या प्रमाणानुसार किमान १५ हव्यात. 'जीसीसी' २०० पर्यंत परवानगी देतो.

हमी कितपत?

इथेच खरी मेख आहे. या सर्व मर्यादा गाठणारा किमान एक प्रोग्रॅम कम्पायलरने चालवून दाखवावा, एवढेच १९८९ आणि १९९९ च्या प्रमाणांत म्हटले होते. तुमचाच प्रोग्रॅम चालेल, याची हमी त्यांत नव्हती.

फटका कोणाला?

हाताने लिहिलेला कोड सहसा या मर्यादांपर्यंत पोहोचत नाही. मात्र दुसऱ्या प्रोग्रॅमने तयार केलेल्या कोडमध्ये 'एल्स-इफ'च्या शेकडो पायऱ्या असू शकतात. भाषेच्या व्याकरणात अशी प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या पोटात असते, त्यामुळे मर्यादा पटकन संपते. अशा वेळी साखळीऐवजी तक्ता वापरणे, कम्पायलरच्या माहितीपुस्तिकेतील आकडे तपासणे आणि कोड किमान दोन कम्पायलरवर चालवून पाहणे, हाच व्यवहार्य उपाय.