बकरीला काय म्हणतात?

1963 साली ऑक्सफर्डचे नामांकित इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर म्हणाले होते की आफ्रिकेला इतिहास असा नाहीच. आहे तो तिथे गेलेल्या युरोपियनांचा, बाकी नुसता अंधार. विद्यापीठातल्या आफ्रिकेच्या इतिहासाच्या पहिल्या कोर्सात या वाक्याचा समाचार घ्यायची जवळजवळ प्रथाच आहे. टिंबक्टूची हस्तलिखितं आहेत, इथिओपियातल्या गीझ भाषेतल्या पोथ्या आहेत, 1331 मध्ये किल्वा बंदरात उतरलेल्या इब्न बतूताचं प्रवासवर्णन आहे. पुरावे हवे तेवढे आहेत.

पण मला खरी मौज वाटते ती याच्या पुढची. जिथे कागदाचा चिटोराही नाही, तिथे काय करायचं?

तर बकरीला काय म्हणतात ते विचारायचं. मोम्बासाच्या बाजारात स्वाहिली बोलणारा माणूस ‘म्बुझी’ म्हणेल. डर्बनकडे झुलू माणूस म्हणेल ‘इम्बुझी’. मध्ये झिम्बाब्वेत शोना भाषेत ‘म्बुद्झी’. मोम्बासा ते डर्बन अंतर सुमारे 3,000 किलोमीटर, जवळजवळ आपलं काश्मीर ते कन्याकुमारी. आता शब्द काय, उसनेही घेतले जातात. पण उसना शब्द बहुधा पकडला जातो. संस्कृत ‘हस्त’चा मराठीत हात झाला, ‘सप्त’चा सात, ‘भक्त’चा भात; एकाच नियमाने. घरातला शब्द घरच्या नियमाने झिजतो, पाहुणा झिजत नाही. या तिन्ही भाषा बांटू कुळातल्या; त्या कुळातल्या सुमारे 500 भाषांना भाषाशास्त्रज्ञांनी हीच चाळणी लावली. बकरी मूळ घरातली निघाली. लोखंड गाळण्याच्या कामाचे शब्द मात्र त्या जुन्या थरात सापडत नाहीत. म्हणजे चार-पाच हजार वर्षांपूर्वी आजच्या कॅमेरून-नायजेरिया सीमेच्या आसपासहून या कुळाची मूळ भाषा बोलणारी माणसं पांगायला लागली तेव्हा बकऱ्या बरोबर होत्या, लोखंडाची भट्टी नव्हती. एकही शिलालेख न वाचता ही हकिगत कळते!

आठवणींचंही तसंच. बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना 1950च्या दशकात काँगोतल्या कुबा लोकांत राहून त्यांच्या राजांच्या कहाण्या टिपत होते. त्यातल्या एका राजाच्या काळात भरदिवसा अंधारून आलं होतं म्हणे. ‘म्हणे’वर इतिहास लिहिता येत नाही. पण खगोलशास्त्रज्ञांचा हिशेब तिथे 1680 सालचं खग्रास सूर्यग्रहण दाखवतो. नुसत्या तोंडी वंशावळीला एकदम सनाची खुंटी मिळाली.

आणि मग मणी. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जुन्या गावांत खणलं की काचेचे बारीक मणी निघतात, ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, विटकरी, पिवळे, काळे. दिसायला सगळे सारखेच, त्यामुळे बरीच वर्षं ‘हिंदुस्थानी मणी’ म्हणून एका डबीत पडून राहायचे. आता त्यांच्यावर लेझरचा किरण सोडतात. डोळ्याला दिसणार नाही एवढा कण उडतो, त्याची वाफ यंत्रात जाते, आणि काचेत कुठलं मूलद्रव्य किती ते बाहेर येतं. केनियातल्या म्त्वापा या गावच्या काही मण्यांत युरेनियम नेहमीपेक्षा जास्त भरलं. ते काही कोणी मुद्दाम घातलेलं नव्हतं, ज्या वाळूची काच केली त्या वाळूतच ते होतं.

अगदी तसाच रासायनिक साचा दुसरीकडे सापडला तो रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या उत्खननात निघालेल्या काचेत. अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागतं ते चौल. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि जुनी खाडी गाळाने भरत आली आहे. याच बंदरातून मण्यांच्या माळा गलबतात चढायच्या आणि ईशान्येचा वारा सुटला की आफ्रिकेकडे निघायच्या.