नाथांघरची पहिली पंगत

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की पैठणच्या वाटा दिंड्यांनी भरून जातात, गोदाकाठी टाळमृदंगाचा गजर होतो आणि आम्हां कीर्तनकारांच्या मुखी श्रीएकनाथमहाराजांच्या चरित्रातील तोच प्रसंग पुनःपुन्हा येतो. नाथांच्या घरी श्राद्ध होते. स्वयंपाक सिद्ध होता, ब्राह्मण यावयाचे होते. वाड्यावरून जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या एका कुटुंबातील लेकरास अन्नाचा सुवास आला आणि त्याने आईजवळ हट्ट धरला. नाथांनी व गिरिजाबाईंनी त्यांना आत बोलाविले आणि पितरांसाठी रांधलेले अन्न प्रथम त्यांनाच वाढले. पुढे ब्रह्मवृंद रुसला व साक्षात पितर जेवावयास आले, असे महिपतीबुवा सांगतात.

पस्तीस वर्षे आम्ही हे आख्यान लावीत आलो. आमचा सारा भर असे तो पितर आले या चमत्कारावर. त्या लेकराच्या आईस पानावर बसताना काय वाटले असेल, हा विचार मनास कधी शिवला नाही. तो शिवला २०२० साली.

त्या वर्षी षष्ठीनंतर आम्ही छत्रपती संभाजीनगरास, तेव्हाच्या औरंगाबादेस, मुलीकडे गेलो आणि २५ मार्चच्या टाळेबंदीत तेथेच अडकलो. मंदिरे बंद, कीर्तने बंद, अर्थात बिदागीही बंद. मुलीची गल्ली जुन्या शहरातील. तेथे रिक्षावाले, हमाल, देवळापुढे फुले विकणारे राहतात. भीक मागणारे कोणी नाही. रोजच्या मिळकतीवर चालणारी ही घरे दोन आठवड्यांत हवालदिल झाली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कित्येकांजवळ इथले रेशनकार्डही नव्हते.

गल्लीने शिधा गोळा केला. ज्वारी, तूरडाळ, गोडेतेल, मीठ, तिखट. पहिल्या सायंकाळी ओट्यावर पिशव्या मांडल्या, यादी वाचली, रांग लावली. एका उत्साही तरुणाने छायाचित्रासाठी मोबाईल काढला आणि, खोटे कशास बोलावे, आम्हीही उपरणे सावरून पुढे झालो. रांगेत धुणीभांडी करून दोन मुले वाढविणारी एक बाई होती. संसर्गाच्या भयाने ज्या घरांनी तिचे काम थांबविले होते, त्याच घरांतील मंडळी ओट्यावर उभी होती. मोबाईल दिसताच ती पदर तोंडावर ओढून, काही न घेता परत फिरली.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अध्ययन संपवून निघालेल्या शिष्यास गुरू दान कसे द्यावे ते सांगतात. त्यात देणाऱ्याने लज्जेने द्यावे, अशीही एक आज्ञा आहे. हे वचन आम्ही विद्यार्थ्यांना किती वेळा शिकविले असेल! लज्जा कोणी बाळगावयाची, हे मात्र त्या ओट्यावर समजले.

दुसऱ्या दिवसापासून रांग गेली, यादी गेली. गल्लीतील बायकांनी कारभार हाती घेतला. सकाळी कणीक भिजविण्यापूर्वी प्रत्येक घरी एक मूठ पीठ व एक मूठ डाळ डब्यात वेगळी पडू लागली. आमच्या आजीच्या वेळचे मुष्टिधान्य ते हेच. ज्वारी देणे बंद केले, कारण गल्लीतील गिरणी बंद होती आणि दाणे देऊन भाकरी होत नाही. ही साधी गोष्ट आम्हां पुरुषांच्या ध्यानी आली नव्हती. शनिवारी दिवेलागणीनंतर भाजीच्या साध्या पिशवीत शिधा घालून दाराशी ठेवावयाचा, कडी वाजवावयाची आणि निघून यावयाचे. मुलगी त्या बाईच्या घरी गेली, पिशवी घेऊन नव्हे, तर मदत मागावयास. कोणाकडे चूल पेटली नाही, कोणाकडे रॉकेल संपले, हे तिला जितके ठाऊक होते तितके यादीस कोठून असणार? पिशव्या कोठे जावयाच्या, ते त्या दिवसापासून ती सांगू लागली.

‘हे किती दिवस चालवावयाचे?’ असे एकदोघे कुरकुरू लागले होते. इतक्यात ८ मेच्या पहाटे, आपल्याच जिल्ह्यात करमाडजवळ, जालन्याहून पायी गावाकडे निघालेले १६ मजूर रुळांवर झोपी गेले असता मालगाडीखाली सापडले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्या वृत्तपत्रांत सर्वांनी पाहिल्या. त्यानंतर कुरकुर ऐकू आली नाही.

याच शहरात बायजीपुऱ्यात डिसेंबर २०१५ मध्ये हारून मुकाती इस्लामिक सेंटरने रोटी बँक उघडली होती. सभासदांनी घरून पोळी-भाजी आणून द्यावयाची आणि भुकेल्याने घेऊन जावयाची, त्याचा धर्म कोणी विचारावयाचा नाही. आमच्या काही श्रोत्यांना कीर्तनात हे नाव घेतलेले रुचले नाही. त्यांना आम्ही नाथांची पंगतच सांगतो. दुसरे उत्तर आमच्यापाशी नाही.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्यास, मंदिरे उघडली आणि आम्ही पैठणास परतलो. यंदाही षष्ठीस तेच आख्यान लागेल. मात्र आता आमचे मन पितरांपाशी न थांबता त्या माउलीच्या पानाशी थबकते. मुलीच्या ओट्यावर पिठाचा डबा अद्याप आहे. आता त्यात पूर्वीइतके पीठ जमत नाही, एखाद्या आठवड्यास दोनच पिशव्या होतात. त्या कोणत्या दाराशी ठेवावयाच्या, ते अजूनही तीच बाई सांगते.