डॉलर निघाले किती, रुपये पोचले किती

दौलताबादहून खुलदाबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तुघलकाने राजधानी इथं हलवली तेव्हा आलेल्या कारागिरांनी इथं हातकागद सुरू केला असं सांगतात. समजा, इथल्या एखाद्या कागद बनवणाऱ्याला अमेरिकेतल्या ग्राहकाने मागणी दिली आणि 500 डॉलर आगाऊ, सरळ बँकेतून पाठवले. हिशोबाच्या सोयीसाठी डॉलर 90 रुपयांचा धरू. म्हणजे 45,000 रुपये यायला हवेत. पासबुकात मात्र 42,168 जमा झालेले दिसतात. मधले 2,832 रुपये कुठं गेले, हे पासबुकाच्या त्या एका ओळीवरून कळत नाही. पण ते शोधता येतं, आणि एकदा कळलं की पुढच्या वेळी त्यातले बरेचसे वाचवताही येतात.

आधी पैसा येतो कसा ते पाहू. 1973 साली बेल्जियममध्ये सुरू झालेली स्विफ्ट ही संस्था बँकांचे निरोप पोचवते. पैसा ती हलवत नाही. पैसा फिरतो तो बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांतून. ग्राहकाच्या बँकेचं आणि आपल्या बँकेचं असं थेट खातं नसेल, तर मध्ये तिसरी बँक येते आणि आपलं शुल्क जाता जाता रकमेतूनच कापून घेते. आपल्या उदाहरणात ते 20 डॉलर धरू. म्हणजे 1,800 रुपये वाटेतच गेले आणि 480 डॉलर पोचले.

मग दर. बातम्यांत दिसतो तो बँका-बँकांमधला दर. तुमचे डॉलर बँक घेते ते तिच्या टीटी बाइंग दराने, आणि तो खाली असतो. 88.50 धरला तर 480 डॉलरवर 720 रुपये गेले. हे कुठंही शुल्क म्हणून दाखवलं जात नाही. ‘शून्य शुल्क’ असं ठळक अक्षरांत लिहिणाऱ्या कंपन्यांची कमाई बहुतेक वेळा इथूनच होते, म्हणून शुल्काच्या आधी दर विचारावा.

उरले 312 रुपये. त्यातले 236 आपल्या बँकेचं आवक शुल्क, म्हणजे 200 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी. हा आकडा प्रत्येक बँकेचा वेगळा. बाकीचे 76 रुपये चलन बदलण्यावरचा जीएसटी. तो पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाख रुपयांपर्यंत रकमेचा 1 टक्का, पण किमान 250 रुपये, हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर 18 टक्के कर लावतात. म्हणजे लाखाला 180 रुपये. पुढं हे प्रमाण कमी होत जातं आणि कितीही मोठी रक्कम असली तरी हा कर 10,800 रुपयांच्या वर जात नाही. यात वाचवण्यासारखं काही नाही, त्यामुळे याच्यावर बँकेशी वाद घालण्यात वेळ घालवू नये.

सगळं मिळून सव्वासहा टक्क्यांच्या वर गेले, आणि ग्राहकाने तिकडं भरलेलं शुल्क यात धरलेलंच नाही. परदेशातून घरी पैसे पाठवण्याचा खर्च 2030 पर्यंत 3 टक्क्यांच्या खाली आणायचा, हे संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. मुलाने आईला पाठवलेल्या 500 डॉलरचा हिशोबही या वाटेने असाच होतो.

आता हीच वाट 10,000 डॉलरसाठी मोजा. मधल्या बँकेचे 20 डॉलर तेवढेच राहिले, पण दरातल्या दीड रुपयाच्या फरकाने जवळजवळ 15,000 रुपये गेले. थोडक्यात, छोट्या रकमेला ठरावीक कपात जड जाते आणि मोठ्या रकमेला दर. म्हणून दोन्हींवरचे उपायही वेगळे.

छोट्या रकमेसाठी मधली बँक टाळणं हाच खरा उपाय. आखाती देशांतल्या एक्स्चेंज हाऊसमधून पैसे पाठवणारी आपली माणसं नकळत तेच करतात. अशा एक्स्चेंज हाऊसचं भारतीय बँकेत रुपयांचं खातं असतं. तिथून रक्कम एनईएफटी किंवा आयएमपीएसने घरच्या खात्यात येते आणि वाटेत कापायला कुणी उरत नाही. इंटरनेटवरून पैसे पाठवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचीही रीत साधारण हीच आहे. सिंगापूरमधला मुलगा तर तिथल्या पेनाऊ या पैसे पाठवण्याच्या सेवेतून थेट यूपीआयवर पाठवू शकतो; ही जोडणी 21 फेब्रुवारी 2023 ला सुरू झाली. मात्र रोख हातात देणाऱ्या मनी ट्रान्सफरची सोय घरखर्चापुरतीच आहे: एका वेळी 2,500 डॉलर, वर्षाला 30 वेळा, आणि रोख 50,000 रुपयांपर्यंत. कागजीपुऱ्याच्या व्यापाराचा पैसा त्या वाटेने घेता येत नाही. हवाल्याच्या वाटेला तर जाऊच नये. तो बेकायदा आहे, आणि पैसा बुडाला तर दाद मागायला हातात कागदही नसतो.

बँकेतूनच पाठवायचं असेल तर पाठवणाऱ्याला फॉर्मवर खर्च कुणाकडं हे निवडावं लागतं. ‘ओयूआर’ म्हणजे सगळा पाठवणाऱ्याचा, ‘एसएचए’ म्हणजे दोघांत वाटून, ‘बेन’ म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. व्यापारात हे मागणी ठरवतानाच बोलून घ्यावं. जर्मनीतून येणारे युरो युरोतच मागवावेत. आधी डॉलर, मग रुपये असं झालं की चलन दोनदा बदलतं. आणि अमेरिकेत 1 जानेवारी 2026 पासून रोख रक्कम किंवा मनी ऑर्डर देऊन बाहेर पैसे पाठवल्यास 1 टक्का कर लागतो. बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट कार्डाने पाठवल्यास लागत नाही, हे मुलांना सांगून ठेवा.

मोठ्या रकमेत आपण शाखेत बसून बोलू शकतो. पैसे आले की बँक विचारते, कशासाठी आले? या वेळी चलन अजून बदललेलं नसेल तर तीच घासाघीस करायची वेळ. ‘आजचा टीटी बाइंग किती? या रकमेला ट्रेझरीकडून वेगळा दर मिळेल का?’ असं सरळ विचारावं. दोन बँकांत खाती असतील तर दोन्हींकडं, पैसे निघण्याआधी. गावच्या शाखेतले साहेब बहुतेकदा शहरातल्या किंवा मुंबईच्या परकीय चलन विभागाला फोन लावतात. तो फोन लावायला लावण्यात संकोच करू नये. हा आपला पैसा आहे.

कारणाचा कोडही तेव्हाच नीट द्यावा: घरखर्चाला पी1301, मालाच्या निर्यातीच्या आगाऊ रकमेला पी0103, सॉफ्टवेअर सल्ल्याला पी0802. नाव खात्यावर आहे तसंच असावं, अक्षरही मागं-पुढं नको. नाव जुळलं नाही तर रक्कम परत जाते, परतीच्या वाटेवर पुन्हा कपात होते आणि दुसऱ्यांदा पाठवताना तिसऱ्यांदा. खातं पतसंस्थेत असेल तर तिथं परदेशातली रक्कम थेट येत नाही, आणि अनेक ग्रामीण व सहकारी बँकांतही ती मोठ्या बँकेमार्फतच येते, म्हणजे आणखी एक हात. या कामापुरतं परकीय चलन हाताळणाऱ्या बँकेत एक बचत खातं उघडणं बरं. व्यापार असेल तर चालू खातं.

रक्कम जमा झाली की बँकेकडून आवक रकमेचं पत्र मागून घ्या. बँका त्याला एफआयआरए म्हणतात. त्यात आलेले डॉलर, लावलेला दर आणि कापलेलं शुल्क असायला हवं. ग्राहकाकडून त्याच्या बँकेच्या स्विफ्ट निरोपाची प्रत मागवली की तिकडून किती निघाले हेही कळतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून वजाबाकी करा. ठरल्यापेक्षा जास्त कापलं असेल तर आधी शाखेत लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते. माहितीसाठी फोन क्रमांक 14448.